ऐंशी रुपयांचा व्हिज्युअलायझर

गेल्या वर्षी वर्गात आम्हांला पहिल्यांदा ‘ब्रीफ’ मिळाले. सरांनी फळ्यावर पाच ओळी लिहिल्या. माल कोणता, घेणारा कोण, त्याला सांगायचे काय, जागा किती आणि मुदत किती. माल होता डास पळवणारी अगरबत्ती, जागा वर्तमानपत्राच्या दोन कॉलमांची आणि मुदत चार दिवसांची. त्या चार दिवसांत मी किती कागद खराब केले ते आमच्या घरच्या रद्दीवाल्याला विचारावे. डास काढला तर तो घोड्याएवढा दिसे, झोपलेले मूल काढले तर ते आजारी वाटे. त्यातच थोरले काका घरी आले, त्यांनी माझा पसारा पाहिला आणि मुलगी चित्रकार व्हायला गेली आणि अगरबत्तीची वेष्टणे रंगवायला लागली, असे आईला ऐकवून चहा पिऊन गेले. काकांचा राग धरण्यात अर्थ नव्हता. तोच प्रश्न माझ्याही मनात होता. दुसऱ्या दिवशी मी तो सरांपुढे टाकला. सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी कपाटातून एक जुने पुस्तक काढून दिले आणि त्यातली मलेरियाच्या गोळीची एक जाहिरात पाहायला सांगितले. ती जाहिरात ज्याने केली त्या माणसाचे नाव वाचून मी चकित झाले. ते नाव होते सत्यजित राय.

सत्यजित राय म्हटले की आपल्याला ‘पथेर पांचाली’ आठवतो, झुलणारी काशफुले आठवतात, काळा धूर सोडीत जाणारी आगगाडी आठवते. (त्यांचे आडनाव राय लिहावे की रे ह्यावर आपल्याकडे बरीच शाई खर्च झाली आहे, मी बंगालीला धरून राय लिहिते.) परंतु ह्या जगद्विख्यात दिग्दर्शकाने तेरा वर्षे एका जाहिरात संस्थेत नोकरी केली, ठरल्या वेळी कचेरी गाठली, गिऱ्हाइकांच्या लहरी सांभाळल्या आणि पहिला चित्रपट रविवारी रविवारी काढला, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? मला नव्हती. म्हणून त्यांच्या आयुष्याचा हा भाग थोडा सविस्तर सांगण्याचे मी योजले आहे. चित्रपटांवर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत.

सत्यजितबाबूंचा जन्म 2 मे 1921 रोजी कलकत्त्यात झाला, तो छापखान्याच्या घरात. हे शब्दशः खरे आहे. गडपार रोडवरच्या त्या घरातच त्यांच्या आजोबांनी उभारलेला ‘यू. राय अँड सन्स’ हा छापखाना होता. आजोबा उपेंद्रकिशोर हे मुलांसाठी लिहिणारे, चित्रे काढणारे, व्हायोलिन वाजवणारे आणि शिवाय हाफटोन ब्लॉकच्या शास्त्रातले अधिकारी पुरुष होते. छायाचित्र छापायचे तर त्यातल्या करड्या छटांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करावे लागते आणि त्यासाठी जाळीदार काच वापरतात. ही काच किती अंतरावर धरावी, भिंगाचे छिद्र किती ठेवावे ह्यांचे गणित उपेंद्रकिशोरांनी कलकत्त्यात बसून मांडले आणि त्यावरचे त्यांचे निबंध इंग्लंडमधल्या ‘पेनरोज’च्या वार्षिकात छापून आले. 1913 साली त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. वडील सुकुमार राय लंडन आणि मँचेस्टर येथे मुद्रणकला शिकून आलेले. त्यांच्या निरर्थक वाटणाऱ्या विनोदी कविता बंगालातले प्रत्येक मूल आजही पाठ म्हणते. परंतु 1923 साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, सुकुमारबाबू काळाआजाराने गेले. त्यांचे ‘आबोल ताबोल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी. सत्यजित तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचे होते.

पुढे छापखाना बुडाला. घर सुटले. आई सुप्रभादेवी मुलाला घेऊन भवानीपुरात भावाच्या आश्रयाला आल्या आणि विधवांच्या एका शाळेत हस्तकला शिकवून संसाराला हातभार लावू लागल्या. मामाचे घर मायेचे होते, तरी ते मामाचे घर. ह्या गोष्टीचा उल्लेख राय ह्यांच्या चरित्रात एका ओळीत उरकला जातो, पण मला वाटते पुढच्या बऱ्याच गोष्टींची किल्ली इथे आहे. मुलाने लवकर मिळवते व्हावे ही गरज त्या घरात कोणी बोलून दाखवली नसेल. ती दाखवावी लागतच नसते.

बालिगंज सरकारी शाळेत आणि मग प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. आधी शास्त्र, नंतर अर्थशास्त्र. त्यात त्यांचे मन रमले नाही. मन होते ते पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांत आणि सिनेमात. बी.ए. झाल्यावर पुढे शिकायचे नाही, जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार म्हणून शिरायचे असे त्यांनी ठरवून टाकले होते. चित्र काढण्याचे शिक्षण मात्र झालेले नव्हते. हात घराण्यातून आलेला होता इतकेच. आईची इच्छा अशी की मुलाने शांतिनिकेतनात जावे. रवींद्रनाथ अजून हयात होते, राय घराण्याचा त्यांच्याशी जुना स्नेह होता. मुलाची तयारी नव्हती. पूर्वेकडची कला म्हणजे मिळमिळीत काहीतरी, अशी त्या शहरी तरुणाची समजूत होती. आईच्या शब्दाखातर 1940 च्या जुलैत ते कलाभवनात दाखल झाले.

इथे त्यांना नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखर्जी हे दोन गुरू भेटले. नंदलालबाबूंची एक आठवण राय पुढे सांगत असत. विद्यार्थी झाड काढीत होता आणि रेघ वरून खाली ओढीत होता. गुरुजींनी थांबवले आणि समजावले की झाड वरून खाली वाढत नाही, जमिनीतून वर वाढते, तर कुंचलाही तसाच चालला पाहिजे. आता पाहणाऱ्याला तयार चित्रात रेघ कुठून कुठे ओढली हे कळणार आहे का? कळत नाही असे मला आधी वाटले. मग मी घरी दोन्ही तऱ्हांनी एक शेवग्याचे झाड काढून पाहिले. कळते.

विनोदबिहारींना एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसऱ्याने अधू दिसे; पुढे 1957 च्या सुमारास ते पूर्ण अंध झाले. राय ह्यांनी 1972 साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा अनुबोधपट काढला, तो गुरुदक्षिणाच म्हणायचा. चिनी आणि जपानी चित्रांतली लेखणीसारखी चालणारी रेघ, कागदावर मोकळ्या सोडलेल्या जागेचे मोल, ह्या गोष्टी राय इथे शिकले. शिवाय कलकत्त्याबाहेरचा बंगाल त्यांनी प्रथम इथेच पाहिला. रेखाटनाची वही घेऊन आजूबाजूच्या खेड्यांत हिंडल्यावाचून कलाभवनात सुटका नसे. एक अभ्याससहलही झाली. अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी ही आपली लेणी त्यांनी त्या सहलीत पाहिली. अजिंठ्यात जातककथा भिंतीवर एकापुढे एक उलगडत जातात आणि मधे चौकटीची रेघ नसते. चित्रातून गोष्ट सांगण्याचा असा वस्तुपाठ दुसरीकडे कुठे मिळणार?

कलाभवनाच्या ग्रंथालयात चित्रपटशास्त्रावरची काही इंग्रजी पुस्तके होती, ती त्यांनी तिथे वाचून काढली. मात्र त्याच काळात ‘सिटिझन केन’ कलकत्त्यात येऊन गेला आणि हुकला, ह्याची हळहळ त्यांना राहिली. अभ्यासक्रम पाच वर्षांचा होता. अडीच वर्षांनंतर, डिसेंबर 1942 मध्ये, त्यांनी शांतिनिकेतन सोडले. त्याच महिन्यात कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडले होते. अभ्यासक्रम अर्धा टाकून जाण्याचे कारण त्यांच्या लेखी सरळ होते. आपण मोठे चित्रकार होणार नाही हे त्यांना उमगले होते, आणि जाहिरातकलेसाठी जे घ्यायचे ते घेऊन झाले होते. वयाच्या एकविसाव्या वर्षी स्वतःविषयी इतके कोरडे अनुमान काढता येणे, ही मला त्यांच्या कुठल्याही बक्षिसाहून मोठी गोष्ट वाटते. आमच्या वर्गात कोणाला विचारा, प्रत्येकजण पुढचा हुसेन असतो.

एप्रिल 1943 मध्ये ते डी. जे. कीमर ह्या ब्रिटिश जाहिरात संस्थेत ज्युनियर व्हिज्युअलायझर म्हणून लागले. पगार महिना ऐंशी रुपये.

व्हिज्युअलायझर म्हणजे कोण, हे इतर विभागांच्या वाचकांसाठी सांगायला हवे. गिऱ्हाईक कंपनीचा माणूस येऊन आपले म्हणणे मांडतो. कॉपीरायटर मजकूर लिहितो. हे म्हणणे आणि हा मजकूर डोळ्यांना कसा दिसेल ते ठरवणारा तो व्हिज्युअलायझर. चित्र कुठे, अक्षर कुठे, पांढरी जागा किती, नजर आधी कशावर पडावी आणि मग कुठे वळावी, हे तो आधी रफमध्ये मांडतो. ते पसंत पडले की पक्के चित्र होते, अक्षरे कुंचल्याने रेखली जातात, कागदाचे तुकडे चिकटवून मांडणी पुरी होते आणि त्याचा ब्लॉक होतो. आज आपण पडद्यावर अक्षर ओढून लहानमोठे करतो. तेव्हा चुकलेले अक्षर पांढऱ्या रंगाने झाकून पुन्हा काढावे लागे. ब्लॉक कसा होतो, बारीक रेघ कुठे भरून येते आणि कुठे तुटते ह्याचे ज्ञान असल्याखेरीज चांगले रफ होत नसे. उपेंद्रकिशोरांच्या नातवाला ते ज्ञान शिकवावे लागले नसणार.

कीमरमध्ये त्या वेळी अन्नदा मुन्शी हे वरिष्ठ कलावंत होते. जाहिरातीतली माणसे विलायती चेहऱ्यामोहऱ्याची आणि सजावटही विलायती असण्याचे ते दिवस. मुन्शींनी त्या चौकटीत भारतीय वळण आणले. आल्पना, लोककलेतले आकार, देशी अक्षरवळणे जाहिरातीत दिसू लागली. राय त्याच वाटेने गेले आणि पुढेही गेले. सरांनी मला दाखवलेली जाहिरात ‘पॅल्युड्रिन’ ह्या गोळीची. मलेरियाने बंगालची खेडी वर्षानुवर्षे पोखरलेली. गोळी नियमाने घ्यायची असते आणि ताप आलेला नसताना गोळी घेणे कोणाला पटत नाही. ब्रीफची खरी अडचण तीच आहे. डास केवढा काढायचा हा प्रश्न तिच्यापुढे गौण ठरतो. राय ह्यांनी घर काढले. बंगाली मध्यमवर्गीय घर, त्यातली माणसे, ओघवती कुंचल्याची रेघ. औषधाची भीती नाही, रोगाचा बागुलबुवा नाही. ती माणसे पाहिली की आपल्या शेजारची वाटतात. मी माझा घोड्याएवढा डास फाडून टाकला तो त्या संध्याकाळी.

हे वाचून जाहिरातीच्या कचेरीत सगळे सुखाचे होते असे कोणी समजू नये. गोऱ्या आणि देशी नोकरांच्या पगारात तफावत होती आणि ती सलत असे. काम देणारी गिऱ्हाइके बरेचदा चित्रातले काही न कळणारी असत आणि अखेरचा शब्द त्यांचा असे. राय ह्यांनी ह्या कंटाळ्याविषयी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. आणि एक गोष्ट त्याहून अवघड. ते नोकरीला लागले त्याच वर्षी, 1943 साली, बंगालात भीषण दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे मेली. कलकत्त्याच्या फुटपाथांवर खेड्यांतून आलेली माणसे भाताच्या पेजेसाठी आक्रोश करीत प्राण सोडत होती आणि त्याच रस्त्यांनी कचेऱ्या भरत आणि सुटत होत्या. त्यांत हा तरुण व्हिज्युअलायझरही होता. तीस वर्षांनी, 1973 साली, त्यांनी त्या दुष्काळावर ‘अशनि संकेत’ काढला आणि त्याला बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तीस वर्षे हा काळ कर्ज फेडायला मोठा की लहान, हे मला ठरवता येत नाही. पण ऐंशी रुपयांची नोकरी करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाने तेव्हा काय करायला हवे होते, हेही मला सांगता येत नाही.

कीमरमध्येच त्यांना दिलीपकुमार गुप्त भेटले. डी. के. ह्या नावाने ओळखले जाणारे हे गृहस्थ संस्थेत व्यवस्थापनात होते आणि त्यांना सुंदर पुस्तकांचे वेड होते. 1943 मध्ये त्यांनी ‘सिग्नेट प्रेस’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि मुखपृष्ठे करण्याचे काम ह्या तरुणावर सोपवले, तेही पूर्ण मोकळीक देऊन. दिवसा जाहिरातीचे ब्रीफ, संध्याकाळी पुस्तकांचे. मला वाटते राय ह्यांचे खरे विद्यापीठ हेच. जाहिरातीने त्यांना थोडक्यात सांगायला शिकवले होते. आता सांगण्याजोगे काहीतरी हाताशी आले.

जिम कॉर्बेटच्या कुमाऊंच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकाचे त्यांनी केलेले मुखपृष्ठ मुखपृष्ठांच्या इतिहासात जमा झाले आहे. सगळ्या वेष्टणावर वाघाचे पट्टेदार कातडे. पुढच्या बाजूला गोळी आत शिरल्याचे भोक, मागच्या बाजूला ती बाहेर पडल्याचे भोक. बंदूक नाही, शिकारी नाही, डरकाळी फोडणारा जबडा नाही. पुस्तक हातात धरणाऱ्याच्या दोन बोटांमधून गोळी आरपार गेलेली असते! पंडित नेहरूंचे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ 1946 साली सिग्नेटनेच प्रथम प्रसिद्ध केले. आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, बंदिवासात लिहिलेल्या त्या ग्रंथाचे मुखपृष्ठही राय ह्यांचे. जीवनानंद दास ह्यांच्या कवितासंग्रहांची वेष्टणेही त्यांनी केली. बंगाली अक्षरांची जितकी वळणे ह्या एका माणसाने रूढ केली तितकी कुठल्या टाइप फाउंड्रीनेही केली नसतील.

आणि मग आले ते ब्रीफ. विभूतिभूषण बंद्योपाध्याय ह्यांच्या ‘पथेर पांचाली’ कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती सिग्नेट काढणार होते. तिचे नाव ‘आम आँटिर भेंपू’, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. चित्रे काढायची होती राय ह्यांना, आणि गंमत अशी की त्यांनी मूळ कादंबरी तोवर वाचलेलीच नव्हती. बंगाली साहित्याचे त्यांचे वाचन तेव्हा बेताचेच होते आणि डी. के. त्याबद्दल त्यांना टोकत. चित्रे काढायची म्हणून त्यांनी ती वाचली आणि ते भारावून गेले. लाकडी ठशांच्या छापासारखी काळीपांढरी ठसठशीत चित्रे त्यांनी काढली. अपू, दुर्गा, म्हातारी इंदिर, वादळात एकमेकांना बिलगलेली भावंडे. ह्या संक्षिप्त गोष्टीवर चांगला चित्रपट होईल, असे डी. कें. नी बोलता बोलता सुचवले. चित्रपटांचे वेड होतेच. आता त्याला विषय मिळाला. पुस्तकातल्या त्या चित्रांपैकी काही पुढे पडद्यावर जवळजवळ तशीच उमटली. पोटासाठी घेतलेल्या कामात आपला पुढचा जन्म दडलेला असतो हे तेव्हा त्या टेबलाला ठाऊक नव्हते.

1947 साली त्यांनी चिदानंद दासगुप्त आदी मित्रांबरोबर कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. 1949 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वार ‘द रिव्हर’च्या तयारीसाठी कलकत्त्यात आला. कचेरीच्या सुट्टीच्या दिवशी राय त्याला जागा दाखवायला बंगालच्या खेड्यांतून हिंडवीत. त्याच साली विजया दास ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1950 मध्ये कीमरने त्यांना अधिक अनुभवासाठी लंडनच्या मुख्य कचेरीत पाठवले. कंपनीचा हेतू असा की माणूस जाहिरातीत तयार होऊन यावा. माणसाने काय केले, तर साडेचार महिन्यांत नव्याण्णव चित्रपट पाहिले! त्यांतला डी सिका ह्यांचा ‘बायसिकल थीव्हज’ पाहून ते बाहेर पडले तेव्हा त्यांचे ठरले होते. नट धंदेवाईक नकोत, स्टुडिओ नको, खरी घरे आणि खरा पाऊस हवा. परतीच्या बोटीवर त्यांनी ‘पथेर पांचाली’चा आराखडा लिहायला घेतला. कंपनीचे पैसे वाया गेले की सत्कारणी लागले हे ज्याचे त्याने ठरवावे.

निर्मात्यांकडे जाताना त्यांच्याकडे पूर्ण लिहिलेली पटकथा नव्हती. होती ती चित्रांची वही. प्रत्येक प्रसंग शाईच्या कुंचल्याने चौकटीचौकटीत रेखाटलेला. जाहिरातीतले रफ जसे गिऱ्हाइकासमोर ठेवतात तशी ती वही ते निर्मात्यांसमोर ठेवीत. आयुष्यात शेकडो रफ मंजूर करून घेतलेल्या ह्या माणसाचे हे रफ मात्र कोणी मंजूर केले नाही. गाणी नाहीत, नाच नाही, नायिका आठनऊ वर्षांची, पैसा कोण घालणार? ती वही पुढे पॅरिसच्या सिनेमातेकला भेट दिली गेली.

शेवटी स्वतःची विमा पॉलिसी गहाण टाकून ऑक्टोबर 1952 मध्ये चित्रीकरण सुरू झाले. कॅमेरामन सुब्रत मित्र एकवीसबावीस वर्षांचा, चित्रपटाचा कॅमेरा त्याने तोवर चालवलेला नव्हता. दिग्दर्शक नोकरदार, म्हणून चित्रीकरण रविवारी. पहिला प्रसंग काशफुलांच्या शेतातला, अपू आणि दुर्गा आगगाडी पाहतात तो. एक दिवस काम झाले. पुढच्या आठवड्यात मंडळी परत गेली तर शेतात फुले नाहीत. गुरांनी ती खाऊन फस्त केली होती! पुन्हा फुले येईपर्यंत तो प्रसंग पुढल्या मोसमावर गेला. पैसे संपले, पुस्तके आणि ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या, पत्नीचे दागिने गहाण पडले आणि तरी काम थांबले. महिनोन्‌महिने थांबले. ह्या सगळ्या काळात सोमवारी सकाळी कीमरच्या कचेरीत हजर व्हावे लागे, कारण घर त्या पगारावर चालत होते. नोकरीने चित्रपट अडवला असे म्हणता येईल, आणि नोकरीनेच तो तगवला असेही म्हणता येईल. अखेर मुख्यमंत्री डॉ. विधानचंद्र राय ह्यांच्या कानी गोष्ट गेली आणि पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला. पथ म्हणजे रस्ता, तेव्हा तो रस्तेसुधारणेच्या खाती घातला गेला असे सांगतात.

चित्रपट न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात मे 1955 मध्ये प्रथम दाखवला गेला. कलकत्त्यात पहिल्यांदा तो कोणापुढे दाखवला गेला? तिथल्या ॲडव्हर्टायझिंग क्लबच्या वार्षिक संमेलनात, म्हणजे राय ह्यांच्याच व्यवसायबंधूंपुढे. त्यांनी तो थंडपणे घेतला. ज्यांच्याबरोबर बारा वर्षे काढली त्यांच्यापुढून असे परतताना काय वाटले असेल? राय फार खचले. परंतु मला जे सर्वांत आवडते ते त्यानंतरचे. आपल्या चित्रपटाची जाहिरात त्यांनी स्वतःच्या हाती घेतली. मोठमोठी पोस्टर्स स्वतः केली, आणि गर्दीच्या चौकात निऑनच्या दिव्यांचा फलक उभा केला, धावणारे अपू आणि दुर्गा. बारा वर्षांत इतरांच्या गोळ्या खपवताना जे शिकले ते सारे त्यांनी ह्या एका गिऱ्हाइकासाठी लावले, आणि आयुष्यात प्रथमच गिऱ्हाईक आणि कलावंत एकाच खुर्चीत बसले होते. 26 ऑगस्ट 1955 रोजी चित्रपट लागला. सुरुवातीचे दिवस बेताचेच गेले. मग लोक एकमेकांना सांगू लागले आणि थिएटर भरू लागले. 1956 साली कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट मानवी दस्तऐवजाचे पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास राय ह्यांनी नोकरी सोडली. 1956 मध्ये कलकत्त्याची कीमरही ‘क्लॅरियन’ ह्या नव्या संस्थेत रूपांतरित झाली.

पुढची छत्तीस वर्षे सर्वांना माहीत आहेत. ‘अपराजितो’, ‘अपूर संसार’, ‘चारुलता’, ‘गुपी गाइन बाघा बाइन’, प्रेमचंदांच्या कथेवरचा ‘सद्गती’, ज्यात आपल्या स्मिता पाटील आणि मोहन आगाशे होते. मी त्या यादीत शिरत नाही. जाहिरातीतला माणूस त्या सगळ्यात कुठे राहिला एवढेच सांगते. आपल्या चित्रपटांची पोस्टर्स आणि श्रेयनामावलीची अक्षरे ते स्वतः करीत. ‘एक्षण’ नावाच्या बंगाली नियतकालिकाच्या नावात तीनच अक्षरे. ती तीन अक्षरे त्यांनी अंकागणिक नव्या रूपात मांडली आणि वर्षानुवर्षे मांडली. साहित्य अकादमीचे बोधचिन्ह त्यांचे. ‘राय रोमन’ आणि ‘बिझार’ ह्या त्यांच्या रोमन अक्षरवळणांना 1971 साली आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीच्या ‘सीमाबद्ध’ मध्ये पंख्याच्या कंपनीतला एक हुशार अधिकारी आहे, त्यात पंख्याची एक जाहिरातपटीही दाखवली आहे. वरच्या खुर्चीसाठी माणूस काय काय विकतो हे त्या चित्रपटात ज्या बारकाईने येते ते बाहेरून पाहणाऱ्याला जमले नसते. आजोबांचे बंद पडलेले ‘संदेश’ त्यांनी 1961 मध्ये मित्राच्या साहाय्याने पुन्हा सुरू केले, त्यात लिहिले, त्यासाठी चित्रे काढली, आणि त्यातूनच बंगाली मुलांचा लाडका गुप्तहेर फेलूदा जन्मला.

पटकथा लिहायला ते लाल कापडी बांधणीची वही वापरीत. बंगालात तिला खेरोर खाता म्हणतात, आपल्याकडे वाण्याच्या दुकानात असते तशी जमाखर्चाची चोपडी. तिच्या पानांवर संवादांच्या शेजारी कॅमेऱ्याच्या जागा, पात्रांची तोंडे, पगड्या, साड्यांचे काठ, संगीताच्या खुणा, आणि मधेच पोस्टरचे एखादे रफ. मार्च 1992 मध्ये रुग्णशय्येवर असतानाच त्यांना ऑस्करचा सन्मान मिळाला, त्याच वर्षी भारतरत्नही. 23 एप्रिल 1992 रोजी ते गेले.

माझ्या अगरबत्तीच्या जाहिरातीला वर्गात सहा गुण मिळाले, दहापैकी. घर काढले होते, माणसेही बरी उतरली होती. अक्षरे कच्ची आहेत असा सरांचा शेरा आहे आणि तो बरोबर आहे. पुढचे ब्रीफ चपलांच्या दुकानाचे आहे. ते काकांना अजून सांगितलेले नाही.